कचरंगी

गल्लीच्या टोकाला, रस्ता वळून बसथांब्याकडे जातो तिथे, कपडे रंगवून देणारं एक दुकान होतं. पुढे काउंटर, मागे राहायची एक खोली आणि खोलीमागे अंगण. अंगणात भट्टी, भट्टीवर एक मोठं आणि एक छोटं तपेलं, कपडे खळबळायला सिमेंटचा हौद आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या. फिकट पडलेले पडदे, विटलेले गणवेश, डाग पडून वाया गेलेले शर्ट लोक तिथे आणून टाकायचे आणि नवे करून घेऊन जायचे. दुकानाच्या पाटीवर दोनच शब्द होते: रंग पक्का.

दुकानदाराला सगळे रंगारीकाका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. ती दोघं एकमेकांना 'अहो' आणि 'अगं' म्हणत. त्यांची खरी नावं काय, हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. मूलबाळ नव्हतं. काकांचे हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असायचे. दुकानात सध्या कशाचं काम चाललंय हे त्या हातांवरूनच कळायचं, कारण तोंडातून फारसं काही निघायचं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "काळा करून द्या," की काका कापड चिमटीत धरून बघायचे आणि म्हणायचे, "होईल." होणार नसेल तर म्हणायचे, "नाही होणार." संपलं.

बोलायचं खातं सगळं काकूंकडे होतं. आणि काकूंना एक खोड होती. त्या नावं ठेवायच्या. म्हणजे दोष काढायच्या असं नाही, खरोखरची नावं ठेवायच्या, तीही बहुतेक निर्जीव वस्तूंना. मोठ्या तपेल्याचं नाव थोरली आणि छोट्याचं धाकटी. अंगणातला नळ एकदा गळायला लागला की थांबायचा नाही, म्हणून तो आत्याबाई. खोलीतला पंखा बटण दाबल्यावर बराच वेळ विचार करायचा, मग मान हलवत, कुरकुरत सुरू व्हायचा आणि वारा काही द्यायचा नाही. त्याचं नाव साहेब. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ पहाटेपासून चपला फटफटवत फिरायचे. ते फटफटी. काका आधी हसायचे नाहीत. मग एखाद्या दिवशी सहज बोलून जायचे, "साहेब आज लवकर आले कामावर," आणि काकू पदर तोंडाला लावून हसत सुटायच्या.

दोघांचं बोलणं बहुतेक अंगणातच व्हायचं. पलंगावरची मोठी चादर रंगवून धुऊन काढली की ती पिळायला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि उलट्या बाजूंना पीळ देत जायचं. पीळ बसत जातो तसं चादर आखडते आणि दोन्ही माणसं एकमेकांच्या जवळ येत जातात. मधल्या मधे रंगीत पाण्याची धार पडत असते. घरातलं सगळं, भाजी काय आणायची इथपासून कोण कुणाशी का बोलत नाही इथपर्यंत, त्या दोघांनी अशा चादरींच्या दोन टोकांवरून बोलून घेतलं होतं.

अंगणाच्या कोपऱ्यात एक झाड होतं. ते त्यांनी लावलेलं नव्हतं. पलीकडच्या इमारतीत राहणारी एक नर्स घर सोडून गेली तेव्हा पडदे न्यायला आली आणि जाताना एक कुंडी ठेवून गेली. "सामानात मावत नाही. बघा जगलं तर," एवढंच म्हणाली. झाडाचं नाव तिलाही माहीत नव्हतं. काकूंनी ते कुंडीतून काढून जमिनीत लावलं. बरीच वर्षं ते नुसतंच पानं घेऊन उभं होतं, कमरेएवढं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग एका वर्षी ते फुललं, आणि नेमकं नको त्या वेळी.

त्याच आठवड्यात काकांच्या हातून एक मोठी चूक झाली होती. जवळच्या एका लॉजच्या पलंगपोसांचं काम होतं, जांभळा रंग हवा होता. काम घाईचं म्हणून काकांनी रंग पुरता मुरू दिला नाही. लॉजवाल्यांनी ते पलंगपोस पांढऱ्या टॉवेलांबरोबर धुवायला टाकले. लॉजचा मॅनेजर फिकट जांभळ्या झालेल्या टॉवेलांचं बोचकं घेऊन आला आणि ते काउंटरवर आपटून म्हणाला, "तुमचा रंग आमच्या पाहुण्यांसारखाच निघाला. आला, राहिला आणि गेला."

काकांनी बोचकं उचलून आत नेलं. टॉवेल उकळून पांढरे करून दिले, पलंगपोस पुन्हा रंगवून दिले, आणि जेवायला बसले तेव्हा ताटातलं निम्मं तसंच ठेवून उठले. ज्याच्या पाटीवर रंग पक्का लिहिलंय त्याचा रंग सुटला, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

आणि अशात सकाळी काकूंनी अंगणातून हाक मारली. "अहो, बाहेर या जरा. तुमचं कुणीतरी आलंय."

काका बाहेर आले. झाडावर फुलं आली होती. परवा उमलायला लागली तेव्हा ती गर्द जांभळी होती. पण आज पाहावं तर त्यातली काही फिक्कट झालेली, काही पार पांढरी पडलेली. एकाच फांदीवर जांभळं, फिकं आणि पांढरं, तिन्ही.

"धुतल्यावर रंग जातोय बघा," काकू म्हणाल्या. "अगदी तुमच्या हातचं."

काका रागानं आत निघून गेले. दोन दिवस ते काकूंशी धड बोलले नाहीत. काकूंनी तेवढ्यात झाडाचं बारसं उरकून टाकलं होतं. कच्च्या रंगाची म्हणून कच्चारंगी, आणि बोलता बोलता त्याचं झालं कचरंगी. "अहो, कचरंगीला पाणी घातलं का?" "कचरंगीवर सोड्याचं पाणी सांडू नका." "आज कचरंगी पुरती धुऊन निघाली, एकही जांभळं नाही." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण काही दिवसांनी चादर पिळताना त्यांच्याच तोंडून निघून गेलं, "तुझी कचरंगी फुललीय परत." काकूंच्या हातातलं टोक सुटलं, इतक्या त्या हसल्या. चादर मातीत पडली आणि पुन्हा धुवावी लागली.

तेव्हापासून ते झाड दर वर्षी फुलत राहिलं आणि काकू दर वर्षी काकांना चिडवत राहिल्या. रंग सुटायची चूक काकांनी पुन्हा कधी केली नाही, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

काकू गेल्या त्या अगदी अचानक. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या, दुपारी दवाखान्यात नेलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या गावाहून आली, काही दिवस राहिली, कपाट आवरून दिलं. जाताना म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडे चला. इथं एकटे काय करणार?"

"काम आहे," काका म्हणाले.

काम होतं, पण पूर्वीइतकं नव्हतं. विटलेला कपडा रंगवून घेण्यापेक्षा लोक आता नवा आणायचे. तरी पडदे येत, गणवेश येत, एखादा शर्ट येई. काका सकाळी भट्टी पेटवत, तपेल्यात काठी फिरवत, दोऱ्यांवर कपडे टाकत. मोठी चादर आली तेव्हा पहिल्यांदा अडलं. त्यांनी चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं धरून पीळ द्यायला सुरुवात केली. पण गज उलटा पीळ देत नाही. जिथल्या तिथे उभा राहतो. चादर मधेच वळकटी होऊन बसली, पाणी आतल्या आत राहिलं, आणि वाळल्यावर तिच्यावर लाटा उमटल्या. काकांनी ती परत रंगवली, तशीच ओली निथळत ठेवली, आणि त्यानंतर कुणी पलंगाची मोठी चादर आणली की सांगायला लागले, "घेत नाही."

"पूर्वी घ्यायचात की."

"आता घेत नाही."

उन्हाळ्यात पंखा बंद पडला. काकांनी वायरमनला बोलावलं. वायरमन नवीन होता, गल्लीत कुणाला ओळखत नव्हता. त्यानं दारातच विचारलं, "काय झालं?"

"साहेब उठतच नाहीत दोन दिवसांपासून," काका म्हणाले.

वायरमननं चपला काढल्या, आवाज खाली आणला. "आत आहेत का? डॉक्टरांना दाखवलं?"

काकांना आधी काही उमजेना. मग उमजलं. तोपर्यंत वायरमन पलंगाकडे बघत होता. पलंगावर कुणी नव्हतं. त्यानं काकांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत म्हाताऱ्या माणसांकडे बघताना येते तसली काळजी होती.

"पंखा," काका म्हणाले. "पंखा बंद पडलाय."

वायरमन काम करून गेला. त्या दिवसापासून काकांनी ती नावं तोंडातून काढणं सोडलं. मनात मात्र ती चालूच होती. नळ गळायला लागला की मनात यायचं, आत्याबाई सुरू झाल्या. पण ते ऐकणारं कुणी नव्हतं, आणि नुसतं मनात म्हणून त्यात काही राम नव्हता. हळूहळू नळ नळच झाला आणि तपेली तपेलीच झाली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थही मुलाकडे राहायला गेले. आता डोक्यावर कुणी चालत नव्हतं. पूर्वी त्या आवाजानं झोपमोड होते म्हणून काका कुरकुरायचे. आता पहाटे जाग आली की ते वरच्या शांततेकडे कान लावून पडून राहायचे.

बसथांब्याजवळ एक बाई रोपांची नर्सरी चालवायची. गल्लीतले लोक तिला रोपवाली ताई म्हणत. तिच्या नर्सरीवरचं हिरवं कापड उन्हानं पार पांढरं पडलं होतं. ते घेऊन ती दुकानात आली. कापड जाडजूड, काउंटरवर मावेना, म्हणून काका म्हणाले, "मागं आणून टाका." ती अंगणात आली आणि कोपऱ्यातल्या झाडापाशी थबकली. झाड तेव्हा भरात होतं. कमरेएवढं होतं ते आता डोक्याएवढं झालं होतं.

"काका, हे कुठलं हो?"

काका कापड उलगडून बघत होते. उत्तर आपोआप आलं, विचार न करता. "कचरंगी."

किती तरी महिन्यांनी तो शब्द मोठ्यानं उच्चारला गेला होता. स्वतःचाच आवाज ऐकून काका कापड सोडून उभे राहिले.

"कचरंगी?" ताईनं शब्द तोंडात घोळवून पाहिला. "हे नाव नाही ऐकलं कधी."

"आमच्यात असंच म्हणतात."

"असं होय," ताई म्हणाली. तिला वाटलं, 'आमच्यात' म्हणजे रंगारी लोकांत. पूर्वीपासून चालत आलेलं काही तरी नाव असेल. काकांच्या त्या 'आमच्यात' दोनच माणसं होती आणि त्यातलं एक आता नव्हतं, हे सांगायला हवं होतं. पण ते कुठून सुरू करायचं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी विचारलं, "हिरवा गडद पाहिजे की पोपटी?"

"गडद. आणि काका, याच्या थोड्या काड्या नेऊ? लावून बघते."

"न्या की."

ताईनं काड्या नेल्या. त्यातल्या बऱ्याच वाळल्या, पण काही लागल्या. त्यांची रोपं झाली, रोपांच्या पुन्हा काड्या झाल्या. फूल तीन दिवसांत तीन रंगांचं होतं म्हटल्यावर लोकांना गंमत वाटली. एकानं नेलं म्हणून दुसऱ्यानं नेलं. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते दुकान सोडून फारसे कुठे जात नसत. भाजी, दूध आणि रंगात घालायच्या मिठाची पोती यांच्यापलीकडे त्यांचं बाहेर कामच नव्हतं.

एकदा ते दुधाची पिशवी घेऊन येत होते. कोपऱ्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्याच्या पायऱ्यांवर डॉक्टरांकडे काम करणारी बाई उभी होती आणि आत कुणाला तरी ओरडून विचारत होती, "अगं, कचरंगीला पाणी घातलं का?"

काका जागच्या जागी थांबले.

शब्द तोच, विचारायची तऱ्हाही तीच. फक्त आवाज परका. पायरीच्या बाजूला कुंडी होती आणि कुंडीत ते झाड, गुडघ्याएवढं, त्यावर जांभळी-पांढरी फुलं. काका इतका वेळ तिथे उभे राहिले की त्या बाईचं लक्ष गेलं.

"काय पाहिजे, काका?"

काका म्हणाले, "हे झाड कुठलं?"

"हे होय? कचरंगी."

"असं नाव का?"

बाईनं खांदे उडवले. मग फुलांकडे पाहिलं. "रंग कच्चा असतो ना याचा. दोन दिवसांत जातो. म्हणून असेल."

काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी हात गालावर धरला. बाई दोन पायऱ्या उतरून खाली आली. "दात दुखतोय का? डॉक्टर आहेत आत. बसा हवं तर."

"नाही, नाही," काका म्हणाले आणि घरी आले.

त्या दिवसापासून काका संध्याकाळी फिरायला जायला लागले. दुकान थोडं आधी बंद करायचे, हात घासून धुवायचे आणि निघायचे. गल्लीतल्यांना बरं वाटलं. म्हातारा घराबाहेर पडायला लागला, म्हणजे सावरला. पण काका फिरत होते ते वेगळ्याच कामासाठी. ते झाड कुठे कुठे आहे ते शोधत होते, आणि सापडलं की फाटकापाशी थांबून तिथल्या माणसाला विचारत होते, "हे कुठलं हो झाड?"

लोक सांगायचे. लोकांना सांगायला आवडतं. "कचरंगी," म्हणायचे. एका निवृत्त पोस्टमननं त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, हे कचऱ्यातसुद्धा उगवतं म्हणून याचं नाव कचरंगी. शाळेच्या भिंतीपाशी एक बाई म्हणाली, "तीन रंगांची कचकच, म्हणून." काका प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. चुकीचं आहे असं त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्यांना कारण नकोच होतं. त्यांना फक्त तो शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा होता. एखाद्या दिवशी कुणी भेटलं नाही तर ते परत येताना पुन्हा त्याच फाटकावरून जायचे.

घरी आल्यावर मात्र आधीपेक्षा जास्त सुनं वाटायचं. रस्त्यावर काकू जिथे तिथे होत्या आणि घरात नव्हत्या. भाकरीचा तुकडा मोडताना कधी वाटायचं, आज ऐकलेलं सगळं तिला सांगावं, पोस्टमन काय म्हणाला, ती कचकचवाली बाई काय म्हणाली. किती हसली असती. मग ताट सरकवून ठेवायचे.

असे बरेच महिने गेले. बसथांब्यापलीकडे एक उंच इमारत आहे. तिच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना मोठ्या कुंड्या मांडल्या होत्या, आणि त्यांत हीच झाडं. काकांनी नेहमीप्रमाणे वॉचमनला विचारलं, "हे कुठलं झाड?"

"कांचनरंगी," वॉचमन म्हणाला.

काकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"कांचनरंगी. कांचन म्हणजे सोनं."

"कचरंगी," काका म्हणाले. आजवर त्यांनी कुणाची चूक सुधारली नव्हती. "कचरंगी म्हणतात याला."

वॉचमन हसला. "ते अडाणी लोक म्हणतात, काका. खरं नाव कांचनरंगी. नर्सरीत पाटी आहे, बघा जाऊन."

काका तसेच नर्सरीत गेले. रोपं ओळीनं मांडलेली होती आणि पुढे पाटी रोवली होती. पाटीवर वळणदार अक्षरात कांचनरंगी लिहिलं होतं. काका पाटीसमोर उभे होते तेवढ्यात रोपवाली ताई पाण्याची झारी घेऊन मागून आली.

"या काका. तुमच्याच झाडाची पोरं सगळी. कशी माजलीत बघा."

"नाव बदललंत," काका म्हणाले.

"हो, बदललं बाई. कचरंगी म्हटलं की लोक हसायचे. कचऱ्याचं झाड का म्हणून विचारायचे. एक मास्तर आले होते, ते म्हणाले, मूळ शब्द कांचनरंगी असणार, बोलताना बिघडला असेल. मला पटलं."

"यात सोन्याचा रंग कुठे आहे?"

ताईनं झाडाकडे पाहिलं, मग काकांकडे. "नसेना का. नाव कानाला गोड लागलं पाहिजे. फूल बघून घेतातच लोक."

काकांनी एक पांढरं फूल बोटानं उचलून पाहिलं. मग म्हणाले, "ते नाव माझ्या बायकोनं ठेवलं होतं."

ताईनं झारी खाली ठेवली.

"एकदा माझा रंग सुटला होता. लॉजचे पलंगपोस. त्याच आठवड्यात हे फुललं. म्हणून तिनं मला चिडवायला ठेवलं. कच्च्या रंगाची, म्हणून कचरंगी."

"तुम्ही तर म्हणाला होतात, तुमच्यात म्हणतात म्हणून."

"आमच्यात म्हणजे आम्ही दोघं."

 तिनं काकांना आत नेऊन स्टुलावर बसवलं, चहा मागवला. म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं, काका. काकूंना मी एक-दोनदाच पाहिलं असेल." चहा येईपर्यंत काका बोलत राहिले. इतकं ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते. आत्याबाईंचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, फटफटीचं सांगितलं. ताई मनापासून ऐकत होती, हसू येण्याजोग्या जागी हसतही होती. पण काकांच्या लक्षात आलं की ती हसते आहे ती त्यांच्यासाठी. पंखा साहेब कसा, हे कळायला त्या खोलीत घामाघूम होऊन त्याच्याकडे बघत बसावं लागतं. नुसतं सांगितलं तर ते एक साधं टोपणनाव राहतं. एका गोष्टीच्या मधेच त्यांनी बोलणं थांबवलं आणि चहा संपवला.

"मी पाटी बदलते," ताई म्हणाली. "उद्याच रंगवून घेते. कचरंगीच लिहिते, आणि कुणी हसलं तर सांगते कुणी ठेवलंय ते."

काकांनी पाटीकडे पाहिलं. 

"नको," ते म्हणाले.

"का हो?"

"ती मला चिडवायची. लोकांनी कशाला चिडवायचं? राहू दे तुमचं कांचनरंगी. चांगलं आहे."

ते उठले. ताई फाटकापर्यंत सोडायला आली. जाताना तिनं त्यांना एक दुसरंच रोप द्यायला काढलं, पण काका म्हणाले, अंगणात जागा नाही. जागा होती.

त्यानंतर त्यांनी फाटकांपाशी थांबून विचारणं बंद केलं. काही दिवस ते संध्याकाळी तरीही निघायचे, सवयीनं, आणि बसथांब्यापर्यंत जाऊन परत यायचे. मग तेही थांबलं. कचरंगी म्हणणारे कमी होत गेले. पोस्टमन काही दिवस हट्टानं जुनंच म्हणत राहिला, पण त्याच्या सुनेनं त्याला पाटी दाखवली. दाताच्या दवाखान्यातली बाई नोकरी सोडून गेली. वर्षभरात गल्लीपासून बसथांब्यापर्यंत सगळीकडे कांचनरंगीच होती, आणि काकांना त्याचं पहिल्यासारखं काही वाटेनासं झालं. मेहुणीचा फोन यायचा. "येताय का?" ती विचारायची. काका म्हणायचे, "बघू." दोघांनाही ठाऊक होतं की बघू म्हणजे नाही.

वरच्या मजल्यावरची जागा बरेच दिवस रिकामी होती. तिथे एक तरुण जोडपं राहायला आलं. दोघंही नोकरीवाली, सकाळी धावत खाली उतरायची आणि संध्याकाळी दमून वर चढायची. एका सुट्टीच्या दिवशी ती दोघं जुने पडदे घेऊन दुकानात आली. पडदे मळखाऊ रंगाचे, कुठल्या तरी आधीच्या घरातले.

"यांना रंग देता येईल का, काका?" मुलीनं विचारलं.

काकांनी कापड चिमटीत धरलं. "होईल. मागं आणा."

ती दोघं अंगणात आली. झाड फुललेलं होतं.

"किती सुंदर आहे," मुलगी म्हणाली. "याचं नाव काय?"

काका भट्टीपाशी वाकून जाळ बघत होते. न वळता म्हणाले, "कांचनरंगी."

"आणि हे तिन्ही रंग एकाच झाडाला कसे?"

"पहिल्या दिवशी जांभळं. मग उतरत जातं."

मुलगी फुलांकडे बघत राहिली. मग नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "अरे, हे तर तुझ्या व्यायामासारखं आहे. सोमवारी जोरात, मंगळवारी ढिला, बुधवारी पार पांढरा."

"झालं तुझं सुरू," नवरा म्हणाला. "काकांसमोर तरी नको."

"काका, खरं सांगते, याला रोज सकाळी उठवून उठवून माझा जीव जातो. आणि बूट घेतलेत किती महागाचे." ती पुन्हा झाडाकडे वळली. "आलं लक्षात. सोमवारचं झाड."

नवरा हसू दाबत होता, पण ते काही दबेना. मुलगीही हसायला लागली, आणि मग दोघंही हसत सुटली, उगीचच, हातात पडद्यांची दोन टोकं धरून. काका भट्टीपाशी उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. तपेल्यातलं पाणी उकळायला आलं होतं. वाफ मधे येत होती, त्यामुळे दोघं नीट दिसत नव्हती, फक्त आवाज येत होता.

"रंग कुठला द्यायचा?" काकांनी विचारलं.

"निळा," मुलगी म्हणाली.

"विटकरी," नवरा त्याच क्षणी म्हणाला.

"विटकरी? घर आहे की वीटभट्टी?"

"निळ्यानं खोली अंधारी होते. मी तुला कालच सांगितलं."

"काल तू झोपला होतास."

दोघांचं काही केल्या जमेना. काका काठी हातात धरून तपेल्यापाशी थांबून राहिले.